सुन्निवाला कुणी विचारलं का?

जन्मभर ज्या माणसांना हाल्दिसने नावं ठेवली, त्यांच्यातच यंदा ती जाऊन बसली होती. खिडकीशी खुर्ची, मांडीवर दुर्बीण, आणि डोळे लागलेले दरीच्या टोकाला, घाटाच्या फाटकावर. तिथे तांबडा-पिवळा दांडा रस्त्यावर आडवा. म्हणजे रस्ता बंद. कॉफी ओतून घ्यावी, पुन्हा बघावं, तर दांडा आपला तिथेच, एखाद्या हट्टी गोऱ्ह्यासारखा.

घाटाचा रस्ता थंडीच्या तोंडाशी मिटतो तो मे महिना दिसायला लागला की उघडतो. मधल्या काळात वर खिंडीत घराच्या कौलांएवढा बर्फ साठतो. रस्ता उघडला की दरीतली माणसं गाडीच्या टपावर स्की बांधतात, खिंडीपर्यंत आरामात गाडीने जातात आणि तिथून स्कार्वनूटचा डोंगर चढतात. हाल्दिस मात्र कधी थांबली नाही. ती फाटकापाशी गाडी लावायची, स्कीच्या तळाला घसरू न देणाऱ्या पट्ट्या चिकटवायची आणि बर्चच्या रानातून खालून वर चढायची. "रस्त्याची वाट बघतात ती कसली स्कीवाली?" असं चारचौघांत म्हणायची. ज्याला लागायचं त्याला लागायचं.

आणि आता डावा खुबा तिच्यावर उलटला होता. येत्या बुधवारी शहरातल्या इस्पितळात तो काढून नवा बसवायचा होता. डॉक्टरीणबाई गोड बोलून म्हणाली होती, "चालाल, फिराल, बागेत काम कराल. डोंगरावरून स्कीने उतरायचं मात्र विसरा हं." हाल्दिसने शहाण्यासारखी मान डोलावली आणि मनात म्हणाली, बुधवारपासून ना? मग शनिवार माझा आहे.

एकदाच. स्कार्वनूटच्या माथ्यावर उभं राहायचं आणि तो लांबलचक उतार एका दमात उतरायचा. घसरताना खुबा दुखत नसे, दुखायचा तो चढताना. खालून चढणं आता जमणारं नव्हतं, पण खिंडीतून माथा म्हणजे तासाभराची सोपी चढण. तेवढं दात-ओठ खाऊन तिने रेटलं असतं. म्हणजे सगळं अडलं होतं त्या दांड्यापाशी. बुधवारच्या आत रस्ता उघडला तर ठीक, नाहीतर कायमचं राहिलं. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. गुडघे-खुबे सांगत फिरणाऱ्या बायकांत तिला आपलं नाव नको होतं.

आता परका माणूस म्हणेल, एवढा जीव वरखाली कशाला? सुन्निवाला विचारावं. घाटातला बर्फ काढायचं सगळं काम सुन्निवाच्या हाताखाली चालतं आणि ती राहते तीन घरं पलीकडे. पण या दरीत तसं विचारत नाहीत. दिवस भरलेल्या बाईला तोंडावर "अजून नाही का सुटलीस?" असं कुणी विचारतं का? तसंच ते. सुन्निवाच्या दारात जावं, तिच्या कोंबड्यांची चौकशी करावी, पायरीवरचे तिचे बूट ओले आहेत की कोरडे ते बघावं, आणि घरी येऊन आपापलं अनुमान काढावं. शहाण्या माणसाला एवढं पुरतं.

शुक्रवारी दुपारी हाल्दिसची नात आली. तिरिल. बरोबर एक उंच, गोरापान, चष्मेवाला पोरगा, आस्गर नावाचा. डेन्मार्कचा. हाल्दिसने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"डेन्मार्कात डोंगर असतात का रे?"

"एक आहे, आजी," आस्गर म्हणाला. "आम्ही त्याला डोंगर म्हणतो. तुम्ही म्हणणार नाही."

"बोलतो मात्र तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं," ती तिरिलला म्हणाली, त्याला ऐकू जाईल अशा बेताने.

"आजी!"

"अगं, चांगला आहे, असं म्हटलं मी."

आस्गर मनापासून हसला. तिथेच तो तिला थोडासा आवडला. तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

वाफलांवर तपकिरी चीज ठेवून तिघं खायला बसली. आस्गर एका हाताने खात होता आणि दुसऱ्या हाताने फोन चाळत होता.

"आजी, रस्त्यांच्या पानावर लिहिलंय, पुढील सूचनेपर्यंत बंद."

"ते पान लिहिणारा शहरात बसतो. त्याच्या खिडकीतून त्याला गाड्यांचा तळ दिसतो. माझ्या खिडकीतून घाट दिसतो."

"मग घाट काय म्हणतोय?"

हाल्दिसने दुर्बीण उचलली. खिंडीच्या खालच्या अंगाला, निळ्या आभाळावर, एक पांढरा तुरा उडत होता. बर्फ उडवायचं यंत्र कड्याला भिडलं की असा तुरा उडतो. काल तो बराच खाली दिसत होता. आज जवळजवळ खिंडीच्या खांद्यावर. तिने पटकन कॉफीचा घोट घेतला.

"म्हणतोय, स्कीला मेण लावून ठेवा."

"पण ती सुन्निवा इथेच राहते ना? तिरिल सांगत होती. मी जाऊन विचारून येऊ का?" आस्गर खरोखर उठायलाच लागला.

तिरिलला ठसका लागला. हाल्दिसने त्याच्या ताटलीत आणखी एक वाफल टाकली.

"बस खाली. खा."

"पण आजी," तिरिल तिच्याकडे निरखून बघत म्हणाली, "तू कधीपासून रस्त्याची वाट बघायला लागलीस? आपण खालूनच जातो की."

"पाहुणा आहे. सपाट मुलुखातला आहे. पहिल्याच दिवशी मारायचा आहे का त्याला?"

तिरिलचं बघणं थांबलं नाही. हाल्दिस कपाटापर्यंत गेली ती टेबलाच्या कडेला हात लावत, हेही तिने बघितलं.

संध्याकाळी एम्ब्रिक दारात उभा. शेजारी, म्हातारा, जन्माचा चौकशीखोर. हातात दंताळं.

"तुझं दंताळं राहिलं होतं माझ्याकडे."

"गेल्या शरदापासून."

"म्हटलं, आज आठवलं तर देऊन टाकू." तो उंबऱ्यावरच रेंगाळला. "हवा बरी आहे."

"बरी आहे."

"रात्री गोठेल म्हणतात. सकाळी कडक, आणि ऊन वर आलं की वरचा थर रवाळ. झक्क."

"होऊ दे की."

एम्ब्रिकने मान लांब करून तिच्या खांद्यावरून आत बघितलं. ओट्यावर केक निवत होता. साय घातलेला, वर डोंगरातल्या पिवळ्या रानफळांचा मुरंबा, आणि चांगला बैलगाडीच्या चाकासारखा रुंद.

"केक केलास वाटतं?"

"पाहुण्यासाठी."

"पाहुणा भलताच जेवणारा दिसतो," एम्ब्रिक म्हणाला आणि निघून गेला.

त्याला काय म्हणायचं होतं ते हाल्दिसला बरोबर कळलं. तिचा नवरा हाल्वोर घाटातलं यंत्र चालवायचा, तेव्हाची गोष्ट. एक यंत्र या बाजूने बर्फ कापत यायचं, एक पश्चिमेच्या दरीतून, आणि खिंडीत दोन्ही समोरासमोर भेटायची. त्या दिवशी हाल्दिसचा केक वर जायचा. दोन्हीकडची माणसं बर्फाच्या भिंतीला टेकून तो खायची आणि मगच मोकळ्या झालेल्या वाटेवरून एकमेकांच्या बाजूला पाऊल टाकायची. हाल्वोर गेला, यंत्र सुन्निवाच्या हाती आलं, आणि केक थांबला. हाल्दिस म्हणायची, मला कुणी म्हणालं असतं तर दिला असता. पण कुणी म्हणालं नाही. न मागता केक घेऊन उभी राहायला ती काय प्रसाद वाटायला बसली होती?

हा केक पाहुण्यासाठीच होता. तसं तिने स्वतःला दोनदा सांगितलं.

शनिवारी ती उजाडल्या उजाडल्या खिडकीशी आली. खिडकीची काच गार, बाहेर सगळं कडक गोठलेलं, आभाळ काचेसारखं स्वच्छ. दुर्बीण डोळ्याला लावली. फाटकाचा खांब दिसला. रस्ता दिसला. दांडा दिसेना.

तिने काच पुसली. पुन्हा बघितलं. खांब आहे, रस्ता आहे, दांडा नाही!

"तिरिल! ऊठ गं! डेन्मार्कलाही उठव!" जिन्याखालून तिने अशी हाक मारली की वरची खिडकी थरथरली असेल. मग तिने फोन उचलून एम्ब्रिकला लावला.

"एम्ब्रिक, स्कीला मेण लावलंयस का?"

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज.

"दांडा?"

"वर."

"तुझ्या डोळ्यांनी?"

"मग काय तुझ्या?"

बस, एवढंच. एम्ब्रिकने बहिणीला फोन केला, बहिणीने शाळेतल्या बाईंना, बाईंनी दुकानवाल्याला. हाल्दिसने दांडा वर बघितला म्हटल्यावर पुढे शंका काढायची कुणाची छाती? ती घाटाच्या बाबतीत कधी चुकली नव्हती. निदान कुणी तसं तिला म्हटलं नव्हतं. तिरिलची गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा पुढे आणि मागे टपावर स्की बांधलेल्या गाड्यांची रांग लागलेली होती. कुणी हॉर्न वाजवत होतं, कुणाचा कुत्रा खिडकीतून मान काढून भुंकत होता, शाळेतल्या बाई गाडीतूनच संत्रं सोलत होत्या. हाल्दिस पुढच्या सीटवर ताठ बसली होती. मांडीवर केकचा डबा. गाल पोरीबाळींसारखे लाल. खुब्याची आठवणसुद्धा नव्हती.

फाटकापाशी सगळी रांग थांबली.

दांडा वर गेलेला नव्हता. खांबावरून काढून बाजूच्या बर्फात आडवा ठेवला होता. वाटेवर रुंद चाकांचे ताजे ठसे होते, आणि त्या ठशांवर, वाट अडवून, पिवळ्या जाकिटातली सुन्निवा कमरेवर हात ठेवून उभी होती. मागे तिची कामाची गाडी.

"काय हे?" ती म्हणाली. "मिरवणूक आहे का?"

माणसं एकेक करून गाड्यांतून उतरायला लागली.

"रस्ता बंद आहे. पहाटे मोठं यंत्र वर न्यायचं होतं, ते फाटकातून जाईना, म्हणून दांडा काढला. कुणी सांगितलं तुम्हाला उघडला म्हणून?"

कुणीही बोट दाखवलं नाही. सगळे नुसते हाल्दिसकडे वळून बघायला लागले.

"हाल्दिस," एम्ब्रिक तिच्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "दांडा वर गेला म्हणालीस ना?"

"रस्त्यावर नाहीये ना? मग?"

"नाहीये खरा. झोपलाय बिचारा तिकडे बर्फात."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. हाल्दिसच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यात पहिल्यांदा ती घाटाच्या बाबतीत चुकली होती, आणि तेही अख्ख्या दरीला वऱ्हाडासारखं मागे घेऊन.

"उघडणार कधी मग?" हा प्रश्न आस्गरचा. इतका सरळ, इतका मोठ्याने, की पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी मान खाली घातली.

सुन्निवाने त्याच्याकडे नवलाने बघितलं. "पुढच्या आठवड्याच्या शेवटी. आमच्या बाजूचा घाट साफ झालाय, खिंडीतली शेवटची भिंत आज आत्ता कापतोय. पण पलीकडच्या उतारावर बर्फाची मोठी कड लोंबतेय. ती पाडल्याशिवाय फाटक उघडणार नाही."

पुढच्या आठवड्याचा शेवट. हाल्दिसच्या हातातला डबा एकदम जड झाला. तोवर ती इस्पितळातल्या पलंगावर छताकडे बघत पडलेली असणार होती.

"एक विचारू?" आस्गर म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. "सुन्निवाला कुणी विचारलं का नाही? काल? परवा? नंबर तर सगळ्यांकडे असेल."

शाळेतल्या बाई संत्र्याची सालं वेचायला लागल्या. एम्ब्रिक टपावरचा घट्ट पट्टा आणखी घट्ट करायला लागला.

"बरोबर बोलतोय तो," सुन्निवा म्हणाली. "कुणी म्हणजे कुणी विचारत नाही मला! दोन आठवडे झाले, जो तो माझ्या कोंबड्यांची चौकशी करतोय आणि बुटांकडे बघून जातोय. काल तर मी मुद्दाम बूट धुऊन ठेवले, म्हटलं, काढा काय अर्थ काढायचा तो."

आता मात्र सगळी रांग हसली. एम्ब्रिकसुद्धा हसला. काल त्यानेच ते ओले बूट बघितले होते.

हाल्दिस हसली नाही. तिला दोन वाटा दिसत होत्या. एक, गाडी वळवायची, म्हणायचं मी मेणाचं विचारलं होतं, रस्त्याचं नव्हे, आणि घरी जाऊन दार लावून घ्यायचं. अब्रू राहिली असती. डोंगर गेला असता. दुसरी वाट म्हणजे सगळ्यांच्या देखत तोंड उघडायचं. तिने वर बघितलं. खिंडीवर तो पांढरा तुरा उन्हात नाचत होता.

ती गाडीतून उतरली. डाव्या पायावर भार येताच ओठ आवळले गेले, ते तिने लपवलं नाही.

"सुन्निवा."

"बोला, हाल्दिसकाकू."

"मला तुझ्या गाडीतून खिंडीपर्यंत नेशील का? खालून चढवत नाही मला आता."

एवढं तिने मोठ्याने म्हटलं. मागच्या गाडीपर्यंत ऐकू गेलं असेल. तिरिलने आजीकडे बघितलं, आणि कालपासून तिच्या डोळ्यांत जो प्रश्न होता तो तिथेच मिटला.

सुन्निवाची नजर डब्यावर गेली.

"त्यात काय आहे?"

"केक."

"साय घातलेला? वर पिवळा मुरंबा?"

"दुसरा कसला करते मी?"

"काकू, इतकी वर्षं दोन्हीकडची यंत्रं खिंडीत भेटतात आणि आम्ही कोरडी बिस्किटं चघळतो. पलीकडचे दर वर्षी मला टोमणे मारतात, तुमच्या दरीतल्या बायका मेल्या का सगळ्या, म्हणून."

"मग मला विचारायचं नाहीस का, मुली?"

"तुम्हाला?" सुन्निवा म्हणाली.

तो एक शब्द तिने असा काही उच्चारला की रांगेत पुन्हा हशा पिकला, आणि या वेळी हाल्दिसही त्यात सापडली. हसता हसता तिला गाडीच्या दाराला धरावं लागलं.

"बसा गाडीत," सुन्निवा म्हणाली. "केक घेऊन येणाऱ्याला या रस्त्यावर कधीच बंदी नव्हती. बाकीच्यांनी मात्र रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. रानातून चढा, हाल्दिसकाकू चढायच्या तशा. आलाच आहात तर."

आणि तसंच झालं. एवढ्या सकाळी उठून, मेण लावून, डबे भरून आलेली माणसं परत थोडीच जाणार? हाल्दिसच्या स्की सुन्निवाच्या गाडीत गेल्या, बाकीच्या गाड्या बाजूला लागल्या, स्की उतरल्या, पट्ट्या चिकटल्या. रस्त्याची वाट बघणारे सगळे त्या दिवशी बर्चच्या रानातून खालून चढले.

"माझा तुकडा ठेव गं!" एम्ब्रिक मागून ओरडला.

"वर पोचलास तर!" हाल्दिसने खिडकीतून उत्तर दिलं.

घाट तिने हजारदा बघितला होता, पण असा नव्हे. दोन्ही बाजूंना सरळ कापलेल्या पांढऱ्या भिंती, खाली ओली काळी सडक, वर आभाळाची निळी पट्टी. वळणावळणाला भिंत उंच होत गेली. शेवटच्या वळणाच्या पुढे यंत्र गुरगुरत होतं आणि त्याच्या नळीतून बर्फ कारंज्यासारखा आभाळात उडत होता. सुन्निवाने गाडी थांबवली. दोघी खाली उतरल्या.

समोरची भिंत आधी पांढरी होती. मग निळसर झाली. मग तिच्यात पलीकडून उजेड आल्यासारखा वाटला. सुन्निवाने हात वर केला, यंत्र मागे सरकलं, आणि त्या शांततेत पलीकडची गुरगुर ऐकू आली. मग भिंतीला तडा गेला, एक मोठं ढेकूळ कोसळलं आणि त्या भोकातून पश्चिमेचं यंत्र डोळे लावून बघताना दिसलं.

"आलो रे!" पलीकडून एक दाढीवाला ओरडला. मग त्याला डबा दिसला. "अरे देवा! केक!"

हाल्दिसने सुरी काढली. तुकडे तिने स्वतः कापले, आणि पहिला तुकडा सुन्निवाच्या हातात दिला. "हाल्वोरपेक्षा सरळ कापलीस भिंत," ती म्हणाली. सुन्निवाच्या तोंडात केक होता.

एम्ब्रिकचा तुकडा डब्यात ठेवून हाल्दिसने स्की बांधल्या आणि माथ्याकडे निघाली. वीस पावलं, मग थांबा. पुन्हा वीस पावलं. खुबा करवतीसारखा चालत होता, आणि ती त्याला शिव्या देत होती, मोठ्याने, कारण ऐकायला कुणी नव्हतं. अर्ध्या वाटेवर तिरिल आणि आस्गर रानातून बाहेर पडून तिला गाठायला आले. आस्गर उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला होता.

"आजी," तो धापा टाकत म्हणाला, "आमचा डोंगर... मी आता... त्याला डोंगर म्हणणार नाही."

"आता जरा शहाणा झालास."

तिरिल पुढे झाली नाही. आजीच्या मागे, तिच्याच चालीने, तिच्याच ठशांत स्की टाकत चढली. कशी आहेस, दुखतंय का, असं एकदाही विचारलं नाही. हाल्दिसला ते बरं वाटलं, आणि मग थोड्या वेळाने ते बरं वाटणं तिला पटेना.

माथ्यावर वारा नव्हता. खाली सगळा मुलुख पांढरा, खोल दरीत नदीची काळी रेघ. उताराचा बर्फ उन्हाने नुकताच सुटला होता, बोटभर, रवाळ, चमचमणारा. याहून चांगला बर्फ मागून मिळत नाही.

हाल्दिसने पट्ट्या काढून खिशात कोंबल्या.

"तिरिल, बुधवारी माझा खुबा बदलणार आहेत. माझ्याबरोबर येशील का?"

"येईन."

"राहावं लागेल थोडे दिवस."

"राहीन, आजी."

"आणि हा?"

"मीही येईन," आस्गर म्हणाला. "मला कुणी विचारलं तर."

"विचारलं," हाल्दिस म्हणाली. "आता बाजूला हो, माझी वाट सोड."

तिने काठ्या रोवल्या. खाली, अगदी खाली, फाटकापाशी बर्फात पडलेला तो तांबडा-पिवळा दांडा काडीएवढा दिसत होता. त्याच्यावरच नेम धरून ती सुटली.